वरचा निरोप

शिरोलीच्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कागदोपत्री मी हेल्पर होतो. खरं काम निरोप पोचवायचं. साहेब लोखंडी जिन्यावरच्या केबिनमध्ये बसत, खाली उतरत नसत. खालचे वर चढत नसत. मधे मी. सातवीत शाळा सोडून खानदेशातून आलेला. माझी बोली ऐकून लोक हसायचे, म्हणून स्वतःचं असं काही बोलायचोच नाही. दिवसभर दुसऱ्यांचंच बोलायचो.

वरून शिवी आली की ती जिन्यातच पुसायचो. "त्या गाढवाला विचार" याचं खाली "साहेबांनी विचारलंय" व्हायचं. खालून "जमत न्हाय जा" आलं, की वर "बघतो म्हणाले". दोन्हीकडे शांतता, माझी नोकरी शाबूत.

ती नोकरी चाचांनी लावलेली. वाळूचे साचे बसवणारे सगळ्यात जुने कारागीर. एसटी स्टँडवर मला उपाशी बसलेला पाहून "कुठलं पावणं?" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी थेट गेटवर घेऊन गेले. दुपारचा डबाही त्यांच्याच शेजारी बसून. त्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच.

पुढं चाचांची नजर अधू झाली. त्यांच्या साच्यातला माल परत यायला लागला. एकदा साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याला सांग, उद्यापासून साच्याला हात लावायचा नाही. वाळू चाळायला बस म्हणावं."

त्या दिवशी हे पुसायला जिन्याच्या पायऱ्या मला पुरल्या नाहीत.

"चाचा, साहेब म्हणत होते, आता जरा हलकं काम बघा."

"माझी काळजी लागलीया व्हय साहेबाला?" ते हसले. "सांग जा, अजून धा वर्सं हितनं हलत न्हाय म्हणावं."

वर जाऊन मी म्हणालो, "हो म्हणाले, साहेब."

सकाळी चाचांच्या जागेवर दुसराच माणूस बसलेला. चाचा त्याला उठवायला लागले, आवाज चढले, तसे साहेब कधी नव्हे ते खाली आले. "काल हो म्हणालात ना?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. खरं बोललो असतो तर संध्याकाळीच गावची गाडी धरावी लागली असती. मी वाळूकडं बघत राहिलो.

"व्हय," चाचा म्हणाले, "म्हणलो हुतो." आणि चाळणी उचलली.

दुपारी "बस की" म्हणाले. भाकरीही मोडून दिली. "सरळ सांगायचं हुतंस रं. मी काय खाल्लं असतं तुला?" एवढंच.

त्यानंतर माझ्या हाती त्यांनी एकही निरोप धाडला नाही. रजा हवी असली की दुखरे गुडघे धरत तो जिना स्वतः चढायचे. मी खाली उभा राहून बघायचो. "मी सांगू का?" एवढं म्हणायचं धाडस कधी झालं नाही.