मेमरीचा कौल

आमच्या वाकोल्याच्या चाळीत लवू धुरी हा एकच माणूस असा होता की जो देवाला विचारल्याशिवाय पायातली चप्पलसुद्धा बदलत नसे. गिरणीच्या संपात उतरावं का, हेही त्याने गावी जाऊन विचारलं होतं. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या, उजवीकडची आधी पडली. उजवी म्हणजे होय, डावी म्हणजे नाही. लवू संपात उतरला आणि गिरणीचा भोंगा त्याने पुन्हा काही ऐकला नाही. आम्ही चेष्टा केली तर म्हणायचा, "देव चुकलो नाय. माझाच इचारूचा चुकला." अशा माणसाशी काय वाद घालणार! मला मात्र त्याचा राग यायचा.

संपाची झळ बसली ती मुलीला. सुलक्षणा मॅट्रिक झाल्या झाल्या अंधेरीला प्लॅस्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. दिवसभर उभ्याने काम. संध्याकाळी आली की आई, मालन, तिचे पाय गरम पाण्यात ठेवायची. पोरगी जिद्दीची. तशातही टायपिंग शिकली, मग कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि अठ्ठ्याऐंशी साली एका ऑफिसने काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर घरी घेऊन आली. अंधेरीच्या श्यामकांतशेठच्या छापखान्याचं काम तिला मिळू लागलं. कारखाना सुटला. पलंगाचा अर्धा भाग त्या डब्याने अडवला, पण घरात कोणाची तक्रार नव्हती.

वर्षभरात श्यामकांतशेठने मराठी अक्षरं जुळवण्याचा नवा प्रोग्राम आणला. लग्नपत्रिका, अहवाल, सगळं आता त्याच्यावरच. सुलक्षणाने फ्लॉपी घातली तर मशीनने साफ नकार दिला: मेमरी कमी. शेठ म्हणाले, "मेमरी वाढव, नाहीतर काम दुसऱ्याला द्यावं लागेल गं." दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून आत बघितलं आणि वर फोडणी घातली, "चिप बसतील, पण बोर्ड जुना आहे. उद्या बोर्डच गेला तर सगळं पाण्यात. गॅरंटी मी देणार नाही."

घरात पैसे होते ते गावच्या घराच्या छपरासाठी राखलेले. मालन म्हणाली, छप्पर एक पावसाळा थांबेल. मेमरी नाही तर पुन्हा पॅकिंग, हे सुलक्षणाला कोणी समजावून सांगायला नको होतं.

लवू म्हणाला, "देवाक इचारतंय."

"बाबा, देवाला मेमरी म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" सुलक्षणा चिडली. "संपाच्या वेळी विचारलंत, वाट लागली ना आपली?"

लवूने पिशवी भरली आणि तो गावी गेला. परत आला तो थेट तिच्यासमोर उभा राहिला. "उजवो दिल्यान. घाल मेमरी." एवढंच बोलला आणि आंघोळीला गेला.

चिप बसल्या, प्रोग्राम चालला, काम वाढलं. तेव्हापासून लवूला एक नवी सवय लागली. सकाळी मशीन सुरू केलं की पडद्यावर आधी मेमरी मोजली जायची, आकडा चढत चढत सहाशे चाळीसवर थांबायचा. तोवर लवू पलंगाजवळ हात जोडून उभा. आकडा थांबला की चहाला बसायचा. आम्ही हसायचो, म्हातारा आता मशीनलाही देव करून बसलाय.

पुढच्या वर्षी गावाहून त्याचा चुलतभाऊ भिकाजी आला. मीही तेव्हा तिथेच चहा पीत होतो. भिकाजी मशीनकडे बघत कौतुकाने म्हणाला, "चलता मां बरा! देवान डावो दिल्यान तेव्हा माका वाटला, तू ह्येका मेमरी काय घालणस नाय."

सुलक्षणाचे हात थांबले. "डावा?"

भिकाजीला आपलं काय चुकलं ते कळेना. लवूने बशी खाली ठेवली.

"देवान नाय म्हटल्यान," तो म्हणाला. "होय मी म्हटलंय. कामावरसून इल्यावर तुझे पाय दिसत माका. शिक्षा होवची तर माका होवंदे, मशीनाक नको, म्हणान रोज देवाक सांगतंय."

इतकी वर्षं ज्या माणसाला मी हसलो त्याच्याकडे मला त्या वेळी बघवेना. मी कप ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर मागायला गेलो तर मशीन बंदच होतं. लवू मोरीत तोंड धूत होता. सुलक्षणा बटणावर बोट ठेवून बसली होती. तो टॉवेल खांद्यावर टाकून पलंगाजवळ आला, तेव्हा तिने बटण दाबलं. आकडे चढू लागले आणि सहाशे चाळीस होईपर्यंत तीही त्याच्या बाजूला हात जोडून उभी राहिली.