काकीच्या रंगाचा प्रिंटर

काकी आज सकाळी गेली, आणि तिचा एक फोटो निवडायला आम्हाला तासभर लागला.

फोटो नव्हते म्हणून नाही. भरमसाट होते म्हणून.

हे वाचून आमच्या कराडच्या गल्लीतले जुने लोक हसतील. लग्नानंतर वीसेक वर्षं ही बाई कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात पळायची.

कारण सांगते. स्थळांना पाठवायला तिचा फोटो काढला, तेव्हा स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तिला गोरीपान करून टाकली. काकी चांगली सावळी. मुलगी बघायला फक्त पुरुषमाणसं गेली होती. लग्न होऊन ती घरात आली आणि आमची आजी, म्हणजे तिची सासू, सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटूत उजळ होती की गं."

तेव्हापासून फोटो बंद.

आणि नवरा मिळाला फोटोवेडा. काका मिलिटरीतून रिटायर होऊन आले ते गळ्यात कॅमेरा घालूनच. संगमावरचे बगळे, उसाचे तुरे, शेजाऱ्यांची बारशी, काही सोडलं नाही. बायकोचा मात्र एकही फोटो नाही. त्यांना ते फार लागायचं.

एकदा गच्चीवर शेंगा वाळवताना काकी खळखळून हसत होती. काकांनी चोरून क्लिक केलं.

लॅबमधून प्रिंट आला. काकी परत गोरी.

"ही कोण बया?" म्हणत तिने फोटो पालथा ठेवला.

काका लॅबवाल्याशी भांडून आले. त्याचं म्हणणं, "बायकांना असंच आवडतंय, काका."

त्या दिवशी काकांनी ठरवलं, आता प्रिंटर घरातच आणायचा.

ही नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाची गोष्ट. चुलतभावाच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घरात आलाच होता. काकांनी ती निगेटिव्ह पुण्याहून स्कॅन करून आणली आणि फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून दुकानं पालथी घालायला लागले.

साताऱ्याच्या दुकानदाराने कंपनीचा सॅम्पल दाखवला. लालभडक पोपट. "कलर बघा, काका."

"ह्यो पोपट मी कवा बघितलेला न्हाई," काका म्हणाले. "त्यो खरा कसा दिसतोय मला काय ठावं? माज्या बायकोचा काढून दाखवा."

काढला. काकी निळसर आली, चार दिवस तापात असल्यासारखी.

पुढच्या दुकानांतही काकांचं समाधान होईना. ट्यूबलाइटखाली एक रंग, उन्हात दुसरा, घरी येईपर्यंत तिसरा. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की प्रिंटर पारखायचा तर बायकोलाच दुकानात न्यायला हवं.

"मला काय बाजारात मांडताय व्हय?" काकी म्हणाली.

सांगलीच्या गणपतीचं दर्शन आणि येताना भडंग, यावर तोडगा निघाला. मी तेव्हा कॉलेजला. भांडण झालं तर सोडवायला म्हणून मलाही एसटीत बसवलं.

सांगलीच्या दुकानात दोन प्रिंटर होते. एक चार रंगांच्या शाईचा, दुसरा सहा रंगांच्या. एक फोटो निघायला दहा मिनिटं. कर्र कर्र करत आधी आकाश यायचं, मग केस, मग कपाळ. काकी तोंडाला पदर लावून बघत होती.

काकांनी दोन्ही प्रिंट दुकानाच्या पायरीवर उन्हात आणले. एकदा प्रिंटकडे बघायचे, एकदा काकीकडे. येणारेजाणारेही थांबून बघायला लागले.

"ह्यो," काका चार रंगवाल्याकडे बोट दाखवत म्हणाले. "हुबेहूब."

काकीने बांगड्या मागे सारल्या आणि मनगट दोन्ही प्रिंटच्या मधे ठेवलं. दुकानदारही वाकून बघायला लागला.

"आवं, ह्यो न्हवं. त्यो," ती दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाली. "तुमी बघताय तेवढी उजळ न्हाई मी."

जगाशी भांडणाऱ्या माणसाला स्वतःलाच बायको उजळ दिसत होती, आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

काकी तो प्रिंट हातातून सोडेना. एसटी स्टँडवर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बरी हाय की गं मी."

सहा रंगवाला घरी आला आणि त्याचा ताबा काकीनेच घेतला. नवीन शाई घातली की पहिला प्रिंट तिच्या मनगटाशेजारी. हात आणि फोटो जुळला तरच पुढचं काम. वर्षभरात अर्धी गल्ली आपापल्या रंगात अल्बममध्ये आली.

मग माझा नंबर लागला. मी काकीपेक्षा जरा काळीच. आईने स्थळांसाठी स्टुडिओतून छान गोरा फोटो आणला होता. काकीने तो बघून आईला परत दिला, काकांकडून गच्चीवर माझा फोटो काढवला आणि घरी प्रिंट केला.

"जाऊबाई, पोरीचं लगीन ठरायचंय. थोडं उजळ करा की," आई म्हणाली.

"ज्याला यायचंय त्यानं हिलाच बघून येऊ दे."

दोन स्थळांनी फोटो परत पाठवला. आई आठवडाभर काकीशी बोलली नाही. मीही चिडून रडले, खोटं कशाला बोलू.

तिसरा माणूस फोटो बघून आला.

आज काकीला खांदा द्यायला तोच सगळ्यात पुढे होता.

काकी, सासरचा उंबरा मी मान वर करून ओलांडला.

ते तुझ्यामुळे.

सुखाने जा गं.