पिठातलं भाडं

पगाराच्या दिवशी खजिनदारबाईचा नवरा घरी आला की चप्पल काढायच्या आधी पैसे काढायचा. तसा नियमच होता. चप्पल कुठे पळून जात नाही. त्याच्या खिशातल्या पैशाला मात्र लगेच पाय फुटत.

माणूस वाईट नव्हता हो. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून काचा घासायचा. सगळ्या जगाला जवळचं-लांबचं दिसावं म्हणून राबायचा, पण स्वतःला महिनाअखेर कधी दिसली नाही. हात सैल. कुणी रडतराऊत भेटला की दे उसने, रस्त्यात कुणी ओरडून काही विकत असला की घे विकत. एकदा छत्री घेऊन आला, तिच्या मुठीत बॅटरी. "अंधारात पाऊस आला तर?" म्हणाला. आला की पाऊस. बॅटरी पाण्याने गेली आणि छत्री बॅटरीच्या ओझ्याने मोडली.

म्हणून कारभार बायकोच्या हातात. 'खजिनदारबाई' हे नाव नवऱ्यानेच चिडून ठेवलेलं, पण तिला ते आवडलं. मग अख्ख्या इमारतीत तेच चालू झालं. तिची रीत अशी, की पगार हातात पडला की स्वयंपाकघराचं दार लावायचं आणि पैशाला घर द्यायचं. भाडं पिठाच्या डब्यात, तळाशी. विजेचं बिल डाळीत. दुखण्याखुपण्याचे तांदळाच्या अगदी बुडाशी. दुधाच्या रिकाम्या पिशव्या ती धुऊन वाळवून ठेवायची. त्यात नोटांची घडी, वरून रबर. नवऱ्याच्या समजुतीने जेवण ताटातच उगवायचं, त्यामुळे डबे उघडायची त्याला कधी बुद्धी झाली नाही. बँकेला असलं कुलूप सापडायचं नाही.

कायदा एकच. या डब्यातलं त्या डब्यात जायचं नाही. दूधवाला दारात उभा राहून बोंबलला तरी भाड्याला हात लागत नसे. एकदा नवऱ्याने लाडात येऊन विचारलं, "दुखण्याचे पैसे ठेवतेस तरी कुठे गं?"

"आधी आजारी तर पडा. मग सांगते."

घरमालक दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी स्वतः यायचा. त्याच्या भाच्याला खोली हवी होती. मागच्या खेपेला जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याने सांगितलं होतं, "ज्याचं भाडं एक दिवस उशिरा, त्याची खोली रिकामी. मागून रडायचं नाही." रडायची हौस कुणाला? पण एवढ्या भाड्यात दुसरी खोली शोधायची म्हणजे वाळू रगडून तेल काढायचं.

तर ती पाच तारीख. खजिनदारबाई बाजार उठायच्या वेळी भाजी घेऊन परत आली. ती नेहमी तेव्हाच जायची. त्या वेळेला भाजीवाला अर्ध्या किमतीत देतो, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी भांडायला हिला निवांतपणा मिळतो. पिशवी ठेवते तर ओट्यावर पिठाचा डबा धुऊन उपडा घातलेला.

तिने डबा उचलून तळापर्यंत हात फिरवला.

"सासूबाई, पीठ कुठंय?"

"वरच्या मजल्यावरची आली होती वाटी घेऊन," सासूबाई आतून म्हणाल्या. "तळाशी थोडंसंच उरलं होतं. म्हटलं वाटी कशाला, ने सगळंच. वर जाऊन मीच तिच्या डब्यात उपडं करून दिलं आणि आपला डबा घासून टाकला. तुला कधी सुचत नाही घासायचं."

"आत काही दिसलं नाही तुम्हाला?"

"मला काय दिसणार बाई? चष्मा आणतो, चष्मा आणतो म्हणून माझा लेक किती दिवस सांगतोय. काचा घासणाऱ्याची आई मी, आणि भिंतीला वाट विचारते. का गं? काय होतं आत?"

"किडे," खजिनदारबाई म्हणाली.

खरं सांगायची सोय नव्हती. सासूबाई मनाने सोन्याच्या, पण त्यांच्या पोटात अन्न राहायचं, गोष्ट राहायची नाही. संध्याकाळी लेकाला कळलं असतं आणि उद्यापासून तो प्रत्येक डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसला असता.

ती वाटी घेऊन वर गेली. आता उसनं दिलेलं पीठ त्याच दिवशी परत मागायला जाणं म्हणजे अब्रू स्वतःच्या हाताने वाळत घालणं. पण अब्रूला खोली लागत नाही, माणसांना लागते.

वरच्या मजल्यावर कुलूपवाला आणि त्याची बायको राहायचे. कुलूपवाला दारातच कानस घेऊन किल्ली घासत बसला होता. बायको स्वयंपाकघरात.

"थोडं पीठ देतेस?" खजिनदारबाईने विचारलं.

कुलूपवाली बघतच राहिली. "अहो ताई, आत्ता तर तुमच्याकडून आणलं."

"तेच दे."

"तेच?"

"पाहुणे आलेत."

"कुणाकडे? तुमच्याकडे तर पाहुणे दारावरूनच मागे फिरतात."

एरवी या टोमण्याला खजिनदारबाईने व्याजासकट उत्तर दिलं असतं. पण आज तिने डब्याकडे हात नेला, तशी कुलूपवालीने डबा उचलून पोटाशी धरला, जसं काही ते तान्हं पोर आहे.

"उद्या देते ताई. दळून आणते आणि देते."

"मला आत्ता हवंय गं."

"आत्ता नाही जमायचं."

"अगं, दे की," कुलूपवाला बाहेरून ओरडला. "पीठ त्यांचं, वाटी त्यांची, तुझं काय जातंय? थांबा वहिनी, मीच काढून देतो." आणि कानस ठेवून उठला.

"नको!" दोघी एकदम किंचाळल्या.

कुलूपवाला जागच्या जागी थिजला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सगळं बोलणं त्या पाहण्यातच झालं. ज्या घरात नवरा तारेच्या तुकड्याने कुठलंही कपाट उघडतो, त्या घरात बाईने पैसे ठेवायचे तरी कुठे?

"अहो," कुलूपवाली मधासारख्या आवाजात म्हणाली, "खाली फाटकाचं कुलूप अडतंय म्हणत होते घरमालक. जाऊन बघता का जरा?"

कुलूप म्हटलं की त्या माणसाला जेवण सुचत नसे. गेला धावत. कुलूपवालीने दाराला कडी घातली, जमिनीवर चादर पसरली आणि डबा उपडा केला. धुरळा उडाला. दोघी पिठात हात घालून चाचपू लागल्या, आणि दोन पिशव्या निघाल्या. दोन्ही दुधाच्या, दोन्ही धुऊन वाळवलेल्या, दोन्हींना रबर. जुळ्या बहिणींसारख्या.

"तुझंही भाडं?"

"माझंही भाडं."

"मग काय, खोल्या सारख्या, भाडं सारखं," खजिनदारबाई हसत म्हणाली. "उचल कुठलीही."

पण कुलूपवालीने उचलली नाही. पिठाने भरलेले हात तिने पदराला पुसले. मग हळूच म्हणाली, "एकात कमी आहेत, ताई. ती माझी. या महिन्यात उशांच्या खोळी शिवायचं काम आलंच नाही. म्हणून तर वाटी घेऊन खाली आले होते."

तिने गप्प बसून आधी भरलेली पिशवी उचलली असती, तर कुणाला कळणार होतं? पिशवीवर काय नाव लिहिलेलं होतं? खजिनदारबाईने दोन्ही उघडून पाहिल्या. खरंच एक नोट कमी. तिने भरलेली आपल्या कमरेला खोचली आणि उभी राहिली.

"खिडकीतून बघ, घरमालक आलाय का."

"आलाय. ह्यांनी त्याला फाटकातच धरलंय."

धरला होता म्हणजे काय, पुरता अडकवला होता. कुलूप अडत नाही, असं घरमालक शपथेवर सांगत होता आणि कुलूपवाला म्हणत होता, "अडत नाही, पण अडेल. बघू द्या." त्याने कुलूप पार खोलून घरमालकाच्या दोन्ही तळहातांवर स्प्रिंगा आणि बारीक खिळे मांडले होते. घरमालकाला खाजवायलाही हात मोकळा नव्हता.

खजिनदारबाई खाली आली आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. घातला आणि थांबली. एवढी वर्षं तो कायदा तिने मोडला नव्हता. पोराची वही लांबणीवर टाकली होती, स्वतःची चप्पल तीनदा शिवून घेतली होती, पण कायदा नाही. मग तिने नोट काढली, वर नेली आणि कुलूपवालीच्या हातात दाबली.

"ही कसली?"

"दुखण्याखुपण्याची."

"पण ताई, मी आजारी नाही."

"तू नाहीस. तुझं भाडं आजारी आहे. ठेव."

घरमालक वर आला तेव्हा दोघी आपापल्या दारात पैसे घेऊन उभ्या. त्याने नोटा मोजल्या, शिंकला, पुन्हा मोजल्या. "नोटांना पीठ कसलं लागलंय?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "आमच्याकडे पैसा दळून काढावा लागतो बाबा. तुमच्यासारखा आयता येत नाही."

भाच्याची खोली राहिली ती राहिलीच.

पुढच्या पगारानंतर कुलूपवाली शिगोशिग भरलेली वाटी घेऊन खाली आली. पीठ परत. खजिनदारबाईने तिच्या देखतच चाळणी काढली.

"परत आलेलं पीठ चाळून घेतेस?" सासूबाई चिडल्या. "लोक काय म्हणतील?"

"किडे असतात," खजिनदारबाई म्हणाली. कुलूपवालीने पदर तोंडाला लावला. चाळणीत नोट राहिली, ती हिने मुठीत घेतली आणि तांदळाकडे निघाली. पण वाटेत सासूबाई खांबाला धडकल्या आणि खांबालाच म्हणाल्या, "जरा बाजूला हो गं." मग खजिनदारबाईने विचार केला, डोळ्याचं दुखणं हेही दुखणंच. कायद्यात बसतंय. संध्याकाळी नोट नवऱ्याच्या हातात ठेवली आणि दम दिला, "चष्मा. छत्री नाही."

नवल म्हणजे त्याने चष्माच आणला. सासूबाईंनी तो नाकावर चढवला, खिडकी पाहिली, सून पाहिली, "बारीक झालीस गं," म्हणाल्या. मग घरभर सगळं निरखत स्वयंपाकघरात शिरल्या आणि पहिला डबा उघडला तो पिठाचा.

"अगंबाई," त्या लेकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ही दुधाची पिशवी काय करतेय पिठात?"