तोरणमाळावरची विलायत

इंग्लंड हा देश तोरणमाळच्या पठारावर वसलेला आहे, असे माझ्या सासऱ्यांचे काही दिवस प्रामाणिक मत होते, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

साठीच्या दशकातली गोष्ट. लग्न होताच मी एकटा विलायतेला गेलो, उत्तरेकडच्या एका गावी कापडाच्या गिरणीत दीड वर्ष काढले आणि पत्नीला, कमलला, न्यायला म्हसावदला, तिच्या माहेरी आलो. बोटीची दोन तिकिटे काढलेली होती. आता कमल सोबत आली नाही, तर पुढची रजा मिळेपर्यंत कित्येक वर्षे आम्हाला टपालानेच संसार करावा लागणार होता. (टपालाच्या संसारात भाकरी नवऱ्यालाच थापावी लागते, आणि ती गोल होत नाही!)

सासऱ्यांना सारे गाव आबा म्हणे. आबांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि मान हलवली.

"नई. तठे बरफ पडस. मन्ही पोर मरी जाई."

"आबा, थंडी ही केवळ सवयीची बाब आहे," मी म्हणालो. (विलायतेहून आल्यापासून मी अहिराणी सोडून क्रमिक पुस्तकासारखे बोलू लागलो होतो. ऐकणाऱ्यांनी हे कसे सोसले, ते देवच जाणे.)

"मंग सवय करी दखाडा!"

अशा वेळी समंजस जावयाने पान मागावे आणि विषय बदलावा. मी तोरणमाळचे नाव घेतले! पौषातली तिथली थंडी म्हणजे थेट विलायत. तिथे राहायचे, अगदी इंग्लंडात राहतात तसे. कमल टिकली तर तिने यावे, नाही टिकली तर मी एकटा परत जाईन. परीक्षक अर्थात आबा. कमलने गुपचूप गाठोड्यात सुंठ बांधली.

मालमोटारीने पायथ्याशी उतरून आम्ही चढण चढू लागलो. अंगात मी विलायतेत घेतलेला जुना लोकरी ओव्हरकोट होता. तो इतका जड होता, की अर्ध्या घाटात मी घामाने निथळू लागलो आणि थंडीचे व्याख्यान घाम पुसत पुसत पुरे केले. पठारावर आबांच्या ओळखीच्या एका पावरा आदिवासी कुटुंबाने आम्हाला पडवी दिली. तिथे मी इंग्लंडची स्थापना केली.

पहिला कायदा: चुलीजवळ बसायचे नाही. दुसरा: भाकरी काट्या-सुरीने खायची. आबांनी भाकरीत काटा रोवला, जोर केला, आणि अर्धी भाकरी उडून अंगणातल्या कोंबडीपुढे पडली.

"तठल्या कोंबड्या सुखी व्हतीन," आबा म्हणाले.

तिसरा कायदा: वाटेत कोणाला धक्का लागला, किंवा लागेलसे वाटले, तरी 'सॉरी' म्हणायचे. चौथा कायदा मी सकाळी जाहीर केला. न्याहारीआधी फिरायला जायचे.

"कथा जावानं?" आबांनी विचारले.

"कोठेच नाही. नुसते चालायचे आणि परत यायचे."

"ढोर हरायेल शे का?"

"नाही."

"कोन्ही मरेल शे का?"

"नाही, आबा. तिथे लोक विनाकारण चालतात."

आबांना बसलेला तो पहिला खरा धक्का. बर्फ ते समजू शकत होते; विनाकारण चालणारी माणसे त्यांच्या हिशेबात कोठेच बसेनात. तरीही आम्ही निघालो. पुढे मी, ओव्हरकोटात. मागे कमल, माझे पायमोजे घालून. त्यामागे आबा, घोंगडी पांघरून आणि काळजीत. तलावाच्या काठी धुके होते. मी वळून, उलटा चालत, धुक्याकडे बोट दाखवून सांगू लागलो, "कमल, हे पाहा, हुबेहूब—"

तेवढ्यात धुक्यातून एक म्हैस आली. वाट अरुंद होती. कमलने कायद्याला स्मरून तिला मृदू स्वरात "सॉरी" म्हटले. म्हशीनेही बहुधा काही शिष्टाचार पाळला असावा, कारण तिने किंचित मान झुकवली. ती शिंगे आपल्याचसाठी आहेत असे वाटून मी एक पाऊल बाजूला झालो, आणि त्या बाजूला तलाव होता!

पाणी कमरेइतकेच होते. परंतु तो ओव्हरकोट! त्याने तलावाचे पाणी असे प्यायला सुरुवात केली, की मला उठता येईना. मी उठे, कोट बसवी. अखेर आबांनी काठी पुढे केली, कमलने कॉलर धरली, आणि दोघांनी मला गाळात रुतलेल्या गाडीसारखे बाहेर ओढले. आबा धापा टाकत माझ्याकडे पाहत राहिले.

"जवाईबापू, हाई बी करतस का तठे?"

नुसते 'नाही' म्हणणे पुरेसे होते. परंतु दात वाजत असतानाही माझा विलायती ताठा शाबूत होता. मी म्हणालो, "ह-होय. र-रोज सकाळी."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मन्ही पोरले रोज सकाय पान्यामा ढकलशात? बठ्ठा सामान बांधा! कमल कथाच जावाव नई!"

एका शब्दात मी माझा संसार बुडवला होता. बोट, तिकिटे, गोल भाकरी, सारे त्या तलावात! तेव्हा मात्र क्रमिक पुस्तक माझ्या हातून गळून पडले.

"नई आबा, नई! मी पडनू! आईनी शपथ, पडनू!"

"आधी तो कोट काढा," कमल म्हणाली, "मंग विलायतन्या गोष्टी सांगा."

तिने मला घरात नेले आणि पहिला कायदा मोडून सरळ चुलीपुढे बसवले. मी कुडकुडत होतो. आबाही घोंगडीत लपेटून तिथेच टेकले. कमलला मात्र थंडीची आठवणच राहिली नव्हती. घरच्या बाईंना पावरीशिवाय भाषा येत नव्हती आणि कमलला पावरीचा एक शब्द ठाऊक नव्हता. तरी घटकाभरात सुंठेचा काढा झाला, कोरडी घोंगडी आली, कोट पिळून कुंपणावर पडला, आणि त्या दोघी शेजारी बसून भाकरी थापू लागल्या. एक पावरीत बोले, दुसरी अहिराणीत उत्तर देई, आणि दोघी एकाच वेळी माझ्याकडे पाहून हसत.

मी थक्क होऊन पाहत होतो. विलायतेत माझ्या घरमालकीणबाईंशी माझे संभाषण दीड वर्षांत "गुड मॉर्निंग"च्या पुढे गेले नव्हते. रविवारी तर कोणाशी एक शब्द न बोलता दिवस जाई. बर्फाने मला कधीच छळले नव्हते. छळले होते ते त्या रविवारांनी. हे मी घरी कोणालाही सांगितले नव्हते. चुलीच्या उबेने म्हणा किंवा लाजेने म्हणा, त्या दिवशी मी ते आबांना सांगितले, आणि अहिराणीत सांगितले.

आबांनी चुलीतले लाकूड पुढे सरकवले.

"पोरनी फिकीर मिटनी," ते म्हणाले. "आते फिकीर तुमनी शे. इतला दिन तठे जित्ता कशा ऱ्हायनात?"

मग ते मुलीकडे वळले. "कमल, तूच यासले लई जाय. एकला सोडू नको."

अशा रीतीने मला विलायतेला नेण्यात आले. त्या गावी पोहोचून आठवडाही झाला नसेल. कमलला इंग्रजीत अजून 'सॉरी'च तेवढे येत होते; बाकी सारे हातवाऱ्यांवर चाले. एका संध्याकाळी गिरणीतून परतलो, तो घरमालकीणबाई जिन्यात वाट पाहत उभ्या. आमच्या स्वयंपाकघरातून त्या नुकत्याच चहा पिऊन आल्या होत्या आणि मुद्रा अत्यंत गंभीर होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून, दीड वर्षांच्या ओळखीनंतर, त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला:

"त्या बिचाऱ्या म्हशीला फार लागले नाही ना?"