अमावस्येला ठोकतंय कोण?

मंडळी, आज सकाळी माझी चांगलीच फजिती झाली.

अमावस्येला आमच्या तांबट आळीत कोणी हातोडा उचलत नाही. तरी पहाटेपासून माझ्या कानावर ठणठण चालूच. म्हटलं, हा शेजारचा गणपतच! तणतणत त्याच्या दारात गेलो.

"लाज वाटते का रे? अमावस्येला ठोकत बसलास?"

गणपत देवापुढे बसला होता. हातोडे पाटावर, हळदकुंकू लावलेले. माझ्या कानात मात्र ठणठण तशीच. मी कानांत बोटं घालून उंबऱ्यावर बसलो, तरी थांबेना.

त्याने पाणी दिलं. म्हणाला, "दादा, गेल्या अमावस्येला मीच तुमच्याशी भांडायला आलो होतो. तुम्ही सायखेड्याला गेला होतात. कुलूप बघितलं, तेव्हा कळलं की आवाज माझ्याच कानात आहे."

"मग औषध?"

"इस्पितळातला गोरा डॉक्टर म्हणाला, जन्मभर तांबं ठोकून कान असे होतात, औषध नाही. मी आपला घाटावर जाऊन बसतो. चला."

दुपारपर्यंत गोदेच्या पाण्याजवळ बसलो. ठणठण थांबली नाही, पण पाण्याच्या आवाजात जरा मागे सरली. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत, आणि महिनाभर हा गप्प!

आळीकरांनो, आता तुम्हीही खरं सांगा. आज आणखी कोण कोण शेजाऱ्यावर चिडलं होतं?