छताला न टेकणारी भिंत

अराबा इन्कूम यांना आपण ओळखत होतो, असं एबो फोर्सन कधीच म्हणत नाहीत. एकाच इमारतीत इतकी वर्षं गेली, पण त्यांना मुलं किती, नवऱ्याचं काय झालं, सकाळी त्या कुठून चालत येत, यातलं काहीच फोर्सन यांना ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ते एवढंच, की अराबा मावशींच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, तोंडात दातण असे, आणि त्यांना न विचारता भिंतीत खिळा ठोकायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना मावशीच म्हणत. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर एखाद्या माणसाबद्दल सांगायला बसावं की नाही, कोण जाणे.

इमारत घानातल्या ताकोराडी शहराच्या बाजारचौकामागे, तीन मजली. मालक परदेशात, त्यामुळे भाडेकरू, पाणी, जिने आणि भांडणं सगळं मावशींच्या गळ्यात. ऑफिसात काही फेरबदल करायचा तर त्यांचे नियम ठरलेले. आधी विचारायचं. मग फरशीवर खडूची रेघ ओढायची आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवायची. मधे भिंत घातलीत तरी ती छताला टेकता कामा नये, कारण समुद्राकडचा वारा एका ऑफिसातून दुसऱ्यात गेला पाहिजे. आणि जागा सोडताना सगळं होतं तसं करून द्यायचं, रंगासकट.

“भाडं खोलीचं देता,” त्या म्हणत. “वाऱ्याचं नाही.”

एका दंतवैद्यानं पूर्वी न विचारता भिंत फोडली होती. आतला नळ फुटला आणि खालच्या वकिलाच्या टेबलावर धबधबा लागला. तेव्हापासून मावशींना दया दाखवायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

फोर्सन चष्मेवाले. पहिल्या मजल्यावर खिडकीकडची खोली त्यांची. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. ते नको नको म्हणत, पण इतक्या हळू की कुणाला ऐकू जात नसे. त्यांची अडचण अशी, की डोळ्यात उजेडाची तिरीप सोडून नंबर काढायचा तर खोली अंधारी लागते आणि त्यांच्या खोलीत दिवसभर लख्ख ऊन. मग तपासणीच्या गिऱ्हाइकाला शेजारच्या सेकोंडी गावच्या इस्पितळात पाठवावं लागे. तिकडे गेलेला चष्माही तिकडूनच घेऊन येई. वर्षअखेर करार संपत होता. अंधारी खोली झाली नाही तर दुकान गुंडाळून गावी जायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

मावशींच्या दारात ते तीनदा गेले आणि पाण्याचं, पावसाचं बोलून परत आले. चौथ्यांदा मावशीच म्हणाल्या, “डॉक्टर, ताकाला येता आणि भांडं लपवता. बोला एकदाचं.”

“एक छोटी खोली... आतल्या आत. अंधारी. भिंत छतापर्यंत लागेल, मावशी.”

“नाही.”

“वरून उजेड येतो हो.”

“आणि आत बसलेल्या अकॉनला वारा कुठून येतो? तुमच्याच डोक्यावरून. खडू घ्या, रेघ ओढा, त्याला दाखवा. पण छताला टेकवायचं नाही.”

क्वेकू अकॉन बंदरातला माल सोडवून देणारे एजंट. त्यांचं ऑफिस फोर्सन यांच्या मागेच होतं. देह भरभक्कम, रुमाल कायम ओला. खडूच्या रेघेपाशी उभे राहून ते म्हणाले, “डॉक्टर, इथे भिंत आली की मी आत उकडलेलं रताळं. खायला या सगळे.”

फोर्सन घरी गेले. त्यांना वाटलं, एकदा पडदा लावून बघावं, वारा किती अडतो आणि अंधार किती होतो. घरातलं सगळ्यात जाड, गडद कापड कोणतं, तर अंत्यविधीला नेसायचं. लाल आणि काळं. तिकडच्या प्रत्येक घरात असतं तसं त्यांच्याही पेटीत होतं. बायकोचंही होतं. सकाळी लवकर येऊन त्यांनी रेघेवर दोरी बांधली आणि छतापासून फरशीपर्यंत ती कापडं सोडली. दार उघडंच होतं. जिन्यावरून सगळं दिसत होतं.

पहिल्या आल्या वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम मंडळाच्या बाया. त्यांनी उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवले, म्हणजे एकट्या फोर्सन यांच्याशीच, आणि बाकावर बसल्या. आता आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय आणि ‘काय येणं केलंत’ असं विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नसतं. फोर्सन पाणी आणायला गेले. परत येतात तो वकिलांचा कारकून आणि दोन टंकलेखिका. पुन्हा हात, पुन्हा पाणी. ते येणं विचारणार तेवढ्यात एका बाईनं भजन धरलं.

“कोण गेलं, डॉक्टर?” कारकुनानं हळूच विचारलं.

“कुणी नाही...”

“असंच वाटतं सुरुवातीला,” एक बाई म्हणाली आणि त्यांचा हात दाबला.

अकॉन आले ते काळा शर्ट घालूनच. शेवटी मावशी आल्या, दातण बाजूला ठेवून, डोक्याला काळं फडकं बांधून. त्यांनी सगळ्यांना बसवलं, भजन थांबवलं आणि रीतीप्रमाणे म्हणाल्या, “आम्ही आलो ते दार बघून. तुमच्याकडचं काय ते सांगा.”

फोर्सन यांचं ऐकायला आयुष्यात कधी एवढी माणसं बसली नव्हती. “मावशी,” ते म्हणाले, “ही भिंत आहे.”

मग अकॉन यांचं पोट हलायला लागलं. “अहो, भिंतीचं सुतक धरवलंत आमच्याकडून!”

बाया हसून हसून बाकावरून घसरल्या. भजन म्हणणारीनं फोर्सन यांच्या पाठीत धपाटा घातला. मावशी मात्र उठून पडद्यामागे गेल्या आणि बराच वेळ आत उभ्या राहिल्या. मग अकॉन यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तिथून हाक आली, “वारा बंद आहे. अंधार मात्र चांगला झालाय.”

त्या बाहेर आल्या तेव्हा कपाळावर घाम होता. “पण मला सांगा, डॉक्टर, दरवाजाएवढी उंच भिंत घातली आणि वर तिरप्या झडपा लावल्या, खिडकीला असतात तशा, काळ्या रंगाच्या, तर? वारा वाकून जातो. उजेड सरळ येतो, त्याला वाकता येत नाही.”

“पण मग छताला टेकलं ना, मावशी?” अकॉन म्हणाले. “तुमचाच नियम.”

“भिंत नाही टेकत. झडपा टेकतात. झडप म्हणजे भिंत का रे?” आणि त्यांनी सगळ्यांकडे असं बघितलं, की कुणी हो म्हणालं नाही.

खोली झाली. फोर्सन यांचा करार पुढे वाढला, त्यांची गिऱ्हाइकं सेकोंडीला जायची थांबली. पहिल्यांदा अकॉनच येऊन बसले आणि त्यांना दूरचा नंबर निघाला. काळ्या झडपांमधून वारा आत येई, आणि अंधारात बसलेली माणसं न विचारता घरच्या गोष्टी सांगत. मावशी कधी बसल्या नाहीत. बोलावलं तर म्हणत, “मला दिसतंय तेवढं पुरे आहे.”

त्या गेल्या, तेव्हा फोर्सन यांनी तीच कापडं नेसली. त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. त्यांना आठवत होतं ते मावशी जायच्या आदल्या शुक्रवारचं. मावशी केंकीचं, मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं, पुडकं हातात घेऊन जिना उतरत होत्या.

“मावशी, झडपा वाजतात हो रात्रीच्या वाऱ्यानं. राखणदार तक्रार करतो.”

“राखणदाराला झोपायला ठेवलंय का? सोमवारी सुताराला सांगते.”

“सावकाश सांगा. घाई नाही.”

“तुम्हाला कधीच घाई नसते. बरं, खालच्या पायरीवर पाणी सांडलंय, जपून उतरा.”

“उतरतो, मावशी.”