एका फडक्याचं उट्टं

आमच्या कंपनीत तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. लोकांची स्वयंपाकघरं कशी साफ करायची हे नव्या बायकांना शिकवायचं काम तिच्याकडे होतं, आणि शिकवताना तिचा आवाज असा लागायचा की पन्नाशीची बाईसुद्धा पाठ ताठ करून उभी राहायची. तेव्हा मला तिच्या जोडीला सात वर्षं झाली होती. कुठल्याही घरी आम्ही दोघीच जायचो. चिमणी, शेगडी, ओटा तिचा. कपाटं आणि फरशी माझी. त्यामुळे त्या दिवशी तिच्या सासरी काय झालं ते मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. मी तिथे बादली घेऊन उभी होते.

बाई कामाला चोख होती आणि मनात डूख धरायलाही तितकीच चोख. एका दुकानदाराने तिला एकदा पाणी घातलेला साबण विकला, तर सहा वर्षं ती त्याच्या गल्लीतून गेली नाही. लांबच्या रस्त्याने जायची आणि पाय दुखले की त्याच्याच नावाने खडे फोडायची. पण तो दुकानदार म्हणजे किरकोळ प्रकरण. खरा राग तिच्या थोरल्या जावेवर होता.

लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा घरात सासू, थोरले दीर, थोरली जाऊ आणि त्यांची लहान मुलगी एवढी माणसं होती. चाव्या थोरलीकडे, त्यामुळे स्वयंपाकघरही थोरलीचं. हिला सगळे धाकटी म्हणत. धाकटीने फळी पुसली की थोरली मागून यायची, फळीवरून बोट फिरवायची आणि ते बोट काही न बोलता धाकटीच्या डोळ्यांसमोर धरायची. बोटाला काही लागलेलं असो वा नसो. एकदा धाकटीचा भाऊ भेटायला आला. तिने त्याच्या चहासाठी कप काढला, तर थोरलीने तो तिच्या हातातून घेतला, हुंगला आणि भावादेखत पुन्हा धुतला. "तुमच्याकडे चालत असेल," असं वर म्हणाली. भावाने चहा अर्धा तसाच ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला. गाडीला अजून दोन तास होते.

पाचव्या वर्षी सासू आजारी पडली. उलट्या, जुलाब, ताप. अकरा दिवस दवाखान्यात काढले म्हातारीने. घरात कच्चं मांस कोण कापतं, ओटा कोण पुसतं, असं डॉक्टरांनी विचारलं. थोरलीने तिथल्या तिथे धाकटीचं नाव घेतलं. हिचे हात घाण, हिला शंभरदा सांगून झालं, असं सगळ्यांसमोर म्हणाली. घरी आल्यावर हुकूम सुटला, की धाकटीने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आठ महिने तिचं ताट तिच्या खोलीबाहेर ठेवलं जायचं. पाणी हवं असेल तर दाराशी उभं राहून मागायचं. थोरली हातातलं काम संपवायची, मग द्यायची. आणि वाईट म्हणजे, आपल्याच हातून झालं असेल, असं धाकटीलाही वाटायला लागलं होतं. हात इतके धुवायची की बोटांची सालं निघाली. शेवटी तिच्या नवऱ्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या आणि दोघं बाहेर पडली.

मग ती आमच्या कंपनीत लागली. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी दोरीवर तीन रंगांची फडकी टांगली. कच्च्या मांसाच्या जागेला लाल, बाकी ओट्याला हिरवं, ताटं-कपांना पांढरं. ओल्या फडक्यात जंतू वाढतात, कोंबडी कापलेली जागा ज्याने पुसली त्याच फडक्याने ताट पुसलं की आजार थेट पोटात, असं बाईंनी समजावलं. ते ऐकता ऐकता धाकटीला सासरचा नळ दिसला. त्या नळावर कायम एक ओलं फडकं लटकलेलं असायचं. थोरली त्याच फडक्याने ओटा पुसायची, सुरी पुसायची, आणि जेवायला घेताना ताटंही.

त्या दिवशी ती जेवली नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता कोण ऐकणार, स्वतःची कातडी वाचवायला बोलतेस असं म्हणतील. तिला ते पटलं, आणि तिने राग नीट घडी घालून ठेवून दिला.

सासूवर मात्र तिचा जीव होता. थोरलीला ती घरी आलेली चालायची नाही, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी म्हातारी घराजवळच्या बागेत बाकावर येऊन बसायची. ही फळं घेऊन जायची, तिची नखं कापायची, पाय चेपायची. नऊ वर्षांत हा रविवार तिने चुकवल्याचं मी ऐकलं नाही.

मग एका सकाळी ऑफिसात कामाचा कागद हातात पडला, आणि त्यावर तिच्या सासरचाच पत्ता होता. थोरलीच्या मुलीचं लग्न ठरत होतं, मुलाकडची माणसं चार दिवस राहायला येणार होती. थोरलीचा खांदा धरलेला, हात वर जात नव्हता, स्वयंपाकघर हाताबाहेर गेलेलं. तिने फोनवर सांगितलं होतं, तुमची सगळ्यात चांगली माणसं पाठवा. सगळ्यात चांगली म्हणजे मास्तरीण. ही कुठल्या कंपनीत आहे ते थोरलीला ठाऊकच नव्हतं. लोकांची घरं पुसते, एवढंच ती चार जणांत सांगायची. पत्ता तिच्या सासरचा आहे हे कळल्यावर ऑफिसातले साहेब म्हणाले, अडचण असेल तर दुसरी जोडी पाठवतो. ही म्हणाली, अडचण कसली, मीच जाते.

दार थोरलीने उघडलं. हिला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरिणीने मात्र कंपनीने शिकवलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं: "नमस्कार बाई. आम्ही सफाईसाठी आलोय. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे?"

पाच वर्षं ती तिथे राबली होती. थोरलीने हाताने दिशा दाखवली.

म्हातारी आतल्या दाराजवळ खुर्चीत होती. धाकटीला घरात बघून तिचा चेहरा फुलला. ऐकू कमी यायचं, म्हणून ती सारखी कानामागे हात धरायची. मास्तरीण तिच्याकडे बघून हसली आणि थोरलीकडे वळली. काम चालू असताना औषधांचा वास असतो, ग्राहकांनी स्वयंपाकघरात यायचं नसतं, असं तिने सांगितलं. हा नियम आमच्याकडे खरंच आहे. पण एरवी ती तो सांगते तेव्हा लोकांना खुर्ची आणून देते. थोरलीला तिने दाराबाहेर उभीच ठेवली. मध्ये एकदा थोरलीला पाणी हवं होतं. मास्तरिणीने हातातली जाळी घासून संपवली, मग दिलं.

सुरुवातीला कागदावरचे प्रश्न विचारायचे असतात. शेगडी रोज पुसता का, फ्रिज कधी रिकामा केला होता, अशी ती यादी.

"कच्चं मांस कापल्यावर ओटा कशाने पुसता, बाई?"

"कशाने म्हणजे? ह्यानेच," थोरली म्हणाली. नळावर फडकं होतं, मूळ रंग कळत नव्हता.

"आणि ताटं?"

"त्यानेच. धुते मी ते रोज."

"किती वर्षं असं करताय?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. मी मान वर करून बघितलं. मास्तरीण खाली बघून लिहीत होती.

"लग्न होऊन आले तेव्हापासून. माझी पद्धत आहे ती," थोरली म्हणाली. आवाजात अजून तोरा होता.

मग आम्ही कामाला लागलो. तिचं काम बघण्यासारखं असतं. आधी सगळं बाहेर: डबे, भांडी, बरण्या. चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात सोडायच्या, चिकट्यावर औषध फवारून ठेवायचं आणि त्याला त्याचं काम करू द्यायचं. घाईने घासणाऱ्या बाईला ती हात धरून थांबवते. वरून खाली यायचं, कोरडी धूळ आधी, पाणी नंतर. फ्रिजच्या दाराचं रबर उलगडून घडीत साठलेलं काढायचं. दांडे, बटणं, नळ, जिथे जिथे बोटं लागतात ते शेवटी. फरशी दाराकडे मागे सरकत पुसायची. त्या दिवशी तिने यातलं काहीही कमी केलं नाही, उलट जास्तच केलं. शेगडीखालून निघालेला काळा थर तिने पत्र्याच्या तुकड्यावर घेतला, दारापर्यंत गेली आणि तो थोरलीच्या डोळ्यांसमोर धरला. बोलली काही नाही. फ्रिजमागचं जाळंही असंच दाखवलं, चिमणीतलं तेलही. तिसऱ्या खेपेला थोरलीने तोंड फिरवलं, तर मास्तरीण ती परत वळेपर्यंत तिथेच थांबली. मला तेव्हा थोरलीची थोडी दया आली, हे कबूल करते. मास्तरिणीला आली नाही.

चार तासांनी स्वयंपाकघर असं लखलखत होतं की आमचंच आम्हाला बरं वाटलं. नळावरचं फडकं तिने चिमट्याने उचलून पारदर्शक पिशवीत बंद केलं होतं. आता शेवटचं काम राहिलं होतं. सफाईचा अहवाल ग्राहकाला वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. ती दारात उभी राहिली आणि इतक्या मोठ्याने वाचायला लागली की शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल. तिला ते म्हातारीच्या कानापर्यंत पोचवायचं होतं.

"कच्चं मांस, ओटा आणि जेवणाची ताटं यांना एकच फडकं. ही सवय अनेक वर्षांची आहे, असं ग्राहकाने स्वतः सांगितलं. त्याने घरातल्या माणसांना उलट्या, जुलाब आणि तापाचा आजार होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात ठेवावं लागतं."

खुर्चीतून म्हातारीने विचारलं, "मला झालं होतं तसं?"

"हो आई. अगदी तसंच."

थोरली भिंतीला टेकली. "मला तेव्हा कुठे माहीत होतं हे?" ती हळू म्हणाली.

"मलाही नव्हतं," मास्तरीण म्हणाली. "पण आठ महिने दाराबाहेर मी बसले."

थोरलीने सही केली. पाहुण्यांच्या नजरेला तो कागद पडू नये म्हणून चार घड्या घातल्या आणि मुठीत धरला. मास्तरिणीचे डोळे असे चमकत होते, जसे मी पूर्वी कधी बघितले नव्हते. ती म्हातारीसमोर जाऊन उकिडवी बसली. म्हणाली, "ऐकलंत ना, आई? माझे हात घाण नव्हते."

म्हातारीने समजूत काढावी तसं म्हटलं, "अगं, ते मला ठाऊकच होतं."

"आत्ता कळलं तुम्हाला."

"नाही गं. तेव्हापासून. तिचं ते फडकं मी रोज बघत नव्हते का? माझी आई असलं फडकं चुलीत घालायची. पण घर तिच्या हातात होतं. तुझ्या बाजूने बोलले असते तर माझं कुणी केलं असतं? तू तरुण होतीस, सोसलंस." आणि तिने हिच्या गालावरून फिरवायला हात पुढे केला.

मास्तरीण उठून एक पाऊल मागे सरली.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "माझे हात घाण आहेत."

म्हातारीला ते नीट ऐकू आलं नसावं. ती कानामागे हात धरून वाट बघत राहिली. आम्ही बादल्या उचलल्या आणि निघालो.

परतताना मी म्हटलं, म्हातारं माणूस, घाबरून गप्प बसली असेल. ती म्हणाली, "घाबरली असेलही. पण नऊ वर्षं मी तिची नखं कापत होते, तेव्हा तरी सांगायचं. तिथे बागेत तिला कोण खाणार होतं?"

पुढच्या पहिल्या रविवारी ती गेली नाही. म्हातारी बाकावर अंधार पडेपर्यंत बसून होती, हे मला मास्तरिणीच्या नवऱ्याकडून कळलं. नंतर म्हातारीचे फोन यायला लागले. ही बघायची आणि वाजू द्यायची. आता नवरा जातो रविवारी. नखं तोच कापतो, वेडीवाकडी.

गंमत अशी की तीन महिन्यांनी थोरलीचाच फोन ऑफिसात आला. सफाईला त्याच बाईंना पाठवा, म्हणाली. मला वाटलं ही नाही म्हणेल, पण गेली. आत तीन फडकी तीन खिळ्यांवर होती. थोरली सांगायच्या आधीच दाराबाहेर जाऊन उभी राहिली. दोघी कामापुरतंच बोलल्या, पण सरळ बोलल्या. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आम्ही त्या घरी जातो. आमची वेळ ठरली की म्हातारी आपली खुर्ची स्वयंपाकघरासमोर ओढून घ्यायला लावते. मास्तरीण तिच्यासमोरून चार तास ये-जा करते आणि तिच्याकडे बघत नाही.

मागच्या खेपेला थोरली म्हणाली, हल्ली आई नीट जेवत नाहीत, तुझं नाव घेतात. मास्तरीण म्हणाली, "तुम्ही आहात ना बघायला. त्यांनी तुम्हालाच निवडलं होतं." थोरली दाराआड गेली आणि डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. कुणासाठी, ते मला कळलं नाही.

मला राहवलं नाही. जवळ जाऊन हळूच विचारलं, अगं, उद्या म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर?

"तर जाईन," ती म्हणाली. "नवऱ्याला एकट्याला जड जाईल."

मग तिने चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात सोडल्या आणि मला वरची कपाटं रिकामी करायला सांगितलं.